झेंडूची कॉलर

एका डोळ्याला जाळीचं एक भोक मिळतं. दोन डोळ्यांना दोन भोकं मिळतात, पण त्यांतून दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि डोकं दुखायला लागतं. म्हणून आम्ही बायका एक डोळा मिटून संसद बघतो.

जाळी पितळेची. सभापतींच्या खुर्चीच्या वर पत्रकारांचा सज्जा, त्याच्याही वर छताखाली आमचा कोंदट माळा, आणि माळ्याच्या तोंडाला ही जाळी. आम्ही दिसलो तर खालच्या पुरुषांचं लक्ष उडेल म्हणे.

त्या बुधवारी दुपारी माझ्या भोकात पपांचं टक्कल होतं.

"सरक ना गं जरा," शेजारच्या लेडी पॉन्सफर्ड म्हणाल्या. "बापाचं टक्कल काय, घरी रोज बघतेस."

"आज ते बोलणार आहेत."

"कोण? सर जर्वेस?" त्यांनी पंखा मिटला. "अगं बाई! त्यांना बोलता येतं?"

प्रश्न रास्त होता. माझे पपा, म्हणजे जनरल सर जर्वेस ओल्डरॉइड, थॉर्नबी गावचे खासदार, सतरा-अठरा वर्षं त्या हिरव्या बाकावर बसत होते. तिथे त्यांनी तोंड उघडलं होतं ते फक्त जांभई द्यायला.

*

हे जाळीतून नाही. हे त्याच दिवशीच्या न्याहारीच्या टेबलावरून.

आमच्या पक्षाचे प्रतोद कॅप्टन फेनिक सकाळीच आले होते. पपा उकडलेल्या अंड्याचं टोक चमच्यानं फोडत होते.

"सर जर्वेस, आज एकेक मत मोलाचं आहे."

"माहीत आहे."

"तुमच्याच रेजिमेंटचा प्रश्न आहे."

"तेही माहीत आहे."

"मग तुम्ही मत देणार."

"नाही देणार. माझी क्रॅब्ट्रीशी जोडी आहे."

कॅप्टन फेनिकनी माझ्याकडे पाहिलं. मी लोणी पुढे केलं.

जोडी म्हणजे अशी: एक खासदार सरकारच्या बाजूचा, एक विरोधी. दोघांचं ठरतं की तू गैरहजर असलास तर मीही मत देणार नाही. दोन्हीकडचं एकेक मत कमी होतं, हिशेब जिथल्या तिथे राहतो, आणि दोघं मासे धरायला मोकळे. कुठे लिहिलेलं नसतं, सही नसते. मोडली तर शिक्षाही नसते. फक्त त्यानंतर त्या माणसाशेजारी जेवायला कुणी बसत नाही.

"अहो, पण क्रॅब्ट्री मरायला टेकलेत," कॅप्टन फेनिक म्हणाले. "छातीत पाणी झालंय. ब्लूम्सबरीच्या खोलीतून ते आता थेट बाहेरच निघणार. त्यांना कळणार आहे का तुम्ही मत दिलंत की नाही?"

"मेला नाही ना अजून?"

"नाही, पण—"

"मग जोडी आहे. गस, पोरी, मीठ दे." माझं नाव ऑगस्टा. गस म्हणायची परवानगी एकट्या पपांना.

"मग आज तिथं येऊन करणार काय तुम्ही?"

पपांनी अंड्यावर मीठ भुरभुरवलं. "बोलणार."

कॅप्टन फेनिकच्या हातातला पाव बशीत पडला.

*

रेजिमेंट.

थॉर्नबीची पोरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच एका रेजिमेंटमध्ये जात आली. लाल कोट तर सगळ्याच पलटणींचा. आमच्यांची कॉलर आणि बाह्यांची टोकं पिवळी, झेंडूच्या फुलासारखी गडद पिवळी. म्हणून त्यांना सगळे झेंडूवाले म्हणत. वर्षातून एकदा, जुन्या एका लढाईच्या दिवशी, ते टोपीत खरा झेंडू खोवत. गावात त्या दिवशी कुणाच्याही परसात फूल उरत नसे, आणि पाद्री दरवर्षी चिडे.

आता सरकारनं सैन्याची सुधारणा काढली होती. सगळ्यांचे जुने क्रमांक जाणार, दोन-दोन पलटणी एकत्र होणार, आणि सगळ्यांना एकच पांढरी कॉलर. स्वस्त, सुटसुटीत. आमच्या बाजूच्या एका सदस्यानं ठराव मांडला होता, की जुने रंग राहू द्यावेत. त्या बुधवारी त्यावर मतं पडणार होती.

"पांढरी कॉलर!" पपा महिनाभर घरात बडबडत होते. "पांढरी कॉलर वेटरला असते. रंग गेला म्हणजे पलटण गेली, गस. नुसती माणसं उरतात."

*

पपांची कारकीर्द, एका दमात, कारण ते स्वतः ती एका दमातच सांगत:

सतराव्या वर्षी आजोबांनी सैन्यातली जागा विकत घेऊन दिली, पहिल्या संचलनात स्वतःच्याच तलवारीत पाय अडकून पडले, माल्टात गोवर आला, कॅनडात थंडी आणि लग्न, क्रायमियाच्या बर्फात डाव्या पायाची दोन बोटं गेली आणि तोफेशेजारी उभं राहून उजवा कान गेला, कर्नल झाले, मग ज्याला आमच्याकडे बंड म्हणतात त्या साली हिंदुस्थान

इथे ते थांबत. दर वेळी इथेच. चहाचा घोट घेत, आणि मग पुढे:

मग जनरल, मग सर, आणि मग एवढा जनरल गावात रिकामा बसलाय म्हणून थॉर्नबीकरांनी त्यांना निवडणुकीला उभं केलं. पहिल्याच सभेत समोरच्यांनी शलगम फेकून मारले. पपांनी एक झेलला, कोटाला पुसला आणि कचकन चावून खाल्ला. तेवढ्यावर निवडून आले.

*

एक भोक असं आहे की त्यातून काही दिसत नाही. समोर खांब येतो. मी पंधराएक वर्षांची होते आणि आई आजारी होती, म्हणून मी तिथे नव्हतेच. हे नंतर मला जेबेझकाकांनी सांगितलं.

जेबेझ क्रॅब्ट्री, शॉडेलचे लोकरगिरणीवाले. आमच्या डोंगराच्या पलीकडचं खोरं त्यांचं. पंथानं क्वेकर, म्हणजे युद्ध नको, शपथ नको, रंगीत कपडे नकोत. कुणालाही अहोजाहो नाही. सभापती असो की गाडीवान, सगळ्यांना "तू". आणि माणसापुढे हॅट काढायची नाही. हॅट काढायची ती एकट्या देवाच्या प्रार्थनेत. बोलायला उठताना सगळे सदस्य हॅट काढतात, जेबेझकाका काढत नसत. पहिल्यांदा आरडाओरडा झाला, दुसऱ्यांदा हशा, मग सवय झाली. सैन्याला कापड विकायलाही त्यांनी नकार दिला होता. झेंडूवाल्यांच्या कॉलरीचं कंत्राट घेऊन एक माणूस त्यांच्या दारात आला होता, त्यांनी गुमास्त्याला सांगितलं, "त्याला चहा पाज आणि परत पाठव."

पपा खासदार होऊन महिनाही झाला नसेल. जेबेझकाका उठले, हॅट डोक्यावर, आणि त्यांनी प्रश्न विचारला. हिंदुस्थानातून परतलेल्या एका पाद्र्यानं त्यांना एका गावाबद्दल सांगितलं होतं. त्या गावात लढणारं कुणी उरलं नव्हतं. म्हातारे, बायका, जनावरं होती. तरी ते गाव जाळलं गेलं. जाळणाऱ्यांच्या कॉलरी पिवळ्या होत्या. हे खरं का?

मंत्री म्हणाले, आवश्यक ती कारवाई झाली.

सगळं सभागृह पपांकडे बघत होतं. पपा बसून राहिले.

बैठक उठल्यावर ते जेबेझकाकांकडे चालत गेले. आजूबाजूचे लोक थांबले. आता भांडण होणार.

"मिस्टर क्रॅब्ट्री, तुम्ही सांगितलंत ते खरं आहे," पपा म्हणाले. "पण कमी आहे."

जेबेझकाकांनी त्यांना खालीवर न्याहाळलं. "मग आत का नाही बोललास?"

पपा हातातली हॅट फिरवत राहिले.

"बरं," जेबेझकाका म्हणाले. "चल, चहा पिऊ."

त्या संध्याकाळी जोडी ठरली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात, गळ टाकून दोघं नदीकाठी बसले की जेबेझकाका एकदाच विचारत, "बोललास का?"

"नाही."

"बरं. उद्या मासे कुठं धरायचे?"

*

पुन्हा जाळी. टक्कल उठलं.

एक कान गेल्यापासून पपांना स्वतःचा आवाज कमीच वाटे, म्हणून ते बोलत ते संचलनाच्या मैदानावर बोलावं तसं. पहिल्याच शब्दाला लेडी पॉन्सफर्डच्या हातातला पंखा खाली पडला आणि पलीकडच्या बाकावर झोपलेला एक खासदार "हजर!" म्हणून उठला.

हशा. पपा थांबले. हशा संपेपर्यंत शांत उभे राहिले.

"सभापती महोदय, माझ्या रेजिमेंटच्या शौर्याबद्दल मी बोलावं असं मित्रांनी सांगितलंय. शौर्याबद्दल बरेच जण बोलले. मी एका गावाबद्दल बोलतो."

माझ्या भोकातून फक्त टक्कल आणि उजवा हात दिसत होता. हात कोटाच्या गुंडीवर होता.

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. तिथली विहीर कुठे होती ते सांगितलं. हुकूम कुणाचा होता, तर "माझा". कुणी काय केलं तेही सांगितलं. सजवून नाही आणि झाकूनही नाही. आमच्याच बाकांवरून "बसा! बसा!" सुरू झालं. पपांना ते ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल.

"हे आम्ही पिवळी कॉलर घालून केलं," ते म्हणाले. "आता सरकार ती कॉलर काढून घेणार. उद्या कुणी विचारलं की त्या गावात कोण होतं, तर पांढऱ्या कॉलरीची पलटण म्हणेल, ते आम्ही नव्हे. आणि ते खरंच असेल. मग उत्तर द्यायला कोण राहणार? आमच्या पोरांना लढाईचा झेंडू हवा असेल, तर गावाचाही घ्यावा लागेल. दोन्ही एकाच कॉलरीवर आहेत. ती राहू द्या. एवढंच."

ते बसले. टाळी कुणीच वाजवली नाही, ना आमच्याकडून, ना त्यांच्याकडून. लोकांना कळेना की हे भाषण कुणाच्या बाजूचं.

"हे काय बोलले गं हे?" लेडी पॉन्सफर्ड हळूच म्हणाल्या. "आपल्याच पलटणीची अब्रू..." मग त्यांनी जाळीला डोळा लावला.

शेजारचं भोक: पपांनी हॅट घेतली, सभापतींना वाकून नमस्कार केला आणि दाराकडे चालू लागले.

"अगं, निघाले कुठं? आता मतं पडणार!"

"त्यांची जोडी आहे."

"जोडी! स्वतःची पलटण बुडतेय आणि हा बाबा जोडी पाळतोय!"

मी स्कर्ट उचलून जिन्याकडे पळाले.

*

कोपर.

सदस्यांच्या सभागृहाबाहेरच्या दिवाणखान्यात बायकांना जाता येत नाही. तोंडाशी एक धिप्पाड पोलीस उभा असतो. त्यानं मला अडवलं, पण कमरेवर हात ठेवून उभं राहायची त्याला सवय होती. त्या कोपराच्या त्रिकोणातून मला सगळं दिसलं. जाळीपेक्षा बरंच दिसलं.

पपा बाहेर येऊन उभे होते. आणि समोरून दोन भाड्याचे गाडीवान एक खुर्ची उचलून आणत होते. खुर्चीत जेबेझकाका. राखाडी कोटाखाली रात्रीचा सदरा, पायांत घरातल्या सपाता, डोक्यावर हॅट.

"हळू रे, हळू," ते गाडीवानांना म्हणत होते. "मी पियानो नाही, पण मोडेन."

"क्रॅब्ट्री!" पपा ओरडले. "तुम्हाला डॉक्टरनं उठायला बंदी केलीय!"

"डॉक्टर तुझ्या पक्षाचा आहे. खाली उतरव मला."

"आलात कशाला?"

"मी घरी पडलो तर तुला मत देता येत नाही. म्हणून आलो. मी आत गेलो की तू मोकळा."

"आणि तुम्ही मत कुणाला देणार?"

"तुझ्याविरुद्ध. आणखी कुणाला?"

पपांनी डोक्याला हात लावला. "अहो, मग मी एक आणि तुम्ही एक. उरलं काय? शून्यच ना? त्यासाठी मरायला आलात?"

"शून्य तर घरी बसूनही झालं असतं," जेबेझकाका धापा टाकत म्हणाले. "पण तुझ्या पलटणीची गोष्ट आहे. तिथं तुला उभं राहता आलं पाहिजे. धर हात."

तेवढ्यात घंटा वाजली. मतविभागणीची घंटा. सगळ्या इमारतीत ती एकदम वाजते, आणि आत टेबलावर वाळूचं घड्याळ उलटं करतात. वाळू संपली की दारं बंद. जो आत तो आत, जो बाहेर तो बाहेर.

ग्रंथालयातून, धूम्रपानाच्या खोलीतून, जेवणघरातून माणसं धावत सुटली. एकाच्या गळ्यात अजून रुमाल होता. सगळे या दोघांना वळसा घालून आत शिरत होते.

"उचलू का साहेब?" गाडीवानानं विचारलं.

"नको," जेबेझकाका म्हणाले. "मत द्यायला माणूस आपल्या पायांनी जातो."

आणि ते निघाले. पपा उजवीकडे, त्यांच्या चांगल्या डाव्या कानाशी जेबेझकाका. एक पाऊल. सपाता फरशीवर घासत होत्या. आणखी एक पाऊल. मग थांबणं. मग खोकला.

दारावरचे प्रुएट पपांना वर्षानुवर्षं ओळखत. त्यांनी दाराची मूठ धरून मान बाहेर काढली. "सर जर्वेस! चला! वाळू संपत आली!"

"येतोय."

दोघं दिवाणखान्याच्या मध्यावर होते. जेबेझकाकांचे गुडघे वाकले. पपांनी त्यांना काखेत धरून सावरलं.

"तू हो पुढं," जेबेझकाका म्हणाले. "मी तुला मोकळं केलं. जा."

"काय?"

"मोकळं केलं म्हणतोय, बहिऱ्या! जोडी सुटली! पळ!"

"काही ऐकू येत नाही," पपा म्हणाले.

जेबेझकाका त्यांच्या डाव्या कानाशी ओरडले होते. तो कान चांगला होता. घरात दोन खोल्यांपलीकडून कुणी बिस्किटाचा डबा उघडला तरी त्या कानाला कळायचं.

"सर जर्वेस!" प्रुएटनी अर्धं दार लोटलं. "एकटे या! उडी मारा!"

पपांना उडी मारता आली असती. बोटं दोन कमी होती, पण माणूस दणकट होता. दार चार ढांगांवर होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. खरंच पाहिलं, त्या कोपरातून मला त्यांचा चेहरा दिसला. निघणाऱ्या गाडीकडे स्टेशनवरून बघावं तसा.

मग ते जेबेझकाकांना म्हणाले, "दम घ्या. घाई नाही."

आतून सभापतींचा आवाज आला. दार बंद.

कुलपाचा आवाज.

*

बाक.

दाराशेजारी भिंतीला एक कातडी बाक आहे. दोघं त्यावर बसले होते. पोलिसानं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहायला लागला. मी त्याच्या कोपराखालून आत गेले, पण जवळ गेले नाही.

"गाढव आहेस," जेबेझकाका म्हणाले.

"हो."

"मी एवढा जिने उतरून आलो."

"उतरलात कुठं? तुम्हाला उचलून आणलं."

जेबेझकाका हसले, मग खोकले. आत माणसं दोन दालनांतून मोजली जात होती. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.

मग त्यांनी सवयीनं विचारलं, "बोललास का?"

"बोललो."

जेबेझकाकांनी मान वळवली.

"काय बोललास?"

"गाव."

"सगळं?"

"विहिरीसकट. हुकूम माझा होता, तेही."

"आत? त्या सगळ्यांपुढं?"

"त्या सगळ्यांपुढं."

जेबेझकाका समोरच्या फरशीकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच हात वर नेला आणि हॅट काढून मांडीवर ठेवली. हॅटखालचे त्यांचे केस मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. पांढरे, पातळ, तान्ह्या बाळासारखे.

"उकडतंय इथं," ते म्हणाले.

मार्च महिना होता. भिंतीतून गारठा येत होता.

*

दार उघडलं. आधी कॅप्टन फेनिक बाहेर आले. चेहरा भाजलेल्या बीटासारखा.

"गेला ठराव! एका मतानं! एका!" ते पपांसमोर उभे राहिले. "तुम्ही उडी मारली असतीत तर बरोबरी झाली असती. प्रुएटनं मला सांगितलं. बरोबरी झाल्यावर सभापतींचं मत!"

"ते कुणीकडे पडलं असतं?"

"ते कुणाला ठाऊक!"

"मग ओरडता कशाला," पपा म्हणाले. पण हॅट घालताना ती आधी कानावर लागली, मग कपाळावर, मग कुठे डोक्यावर बसली.

"आणि ते भाषण!" कॅप्टन फेनिक जाता जाता म्हणाले. "निदान दोघे तर त्या भाषणानं पलीकडे गेले."

जेबेझकाका तेव्हा म्हणाले, "आणि पलीकडचे दोघे अलीकडे आले असतील. तू मोजलंस का, पोरा?"

कॅप्टन फेनिक पन्नाशीचे होते. त्यांना पोरा म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं.

*

थॉर्नबी.

पांढऱ्या कॉलरी उन्हाळ्यात आल्या. झेंडूवाल्यांचा म्हातारा सार्जंट ॲक्रॉइड आमच्या दारात येऊन उभा राहिला. नवा कोट, नवी कॉलर.

"कसा दिसतो, साहेब?"

"वेटर," पपा म्हणाले. "कोबी आण."

सार्जंट हसला आणि मग दाराच्या चौकटीला धरून रडला. पपांनी त्याला आत घेतलं, शेरी पाजली, आणि घटना जशी घडली तशी सांगितली. दार, वाळू, जेबेझकाका. सार्जंटनं ऐकून घेतलं.

"तुम्ही उडी मारायला पाहिजे होती, साहेब," तो शेवटी म्हणाला.

"असेल."

"मीही मारली नसती," सार्जंट म्हणाला. "पण तुम्ही मारायला पाहिजे होती."

गावानं मात्र ऐकून घेतलं नाही. निम्म्यांना दाराचा राग होता, निम्म्यांना भाषणाचा. ज्यांचे भाऊ आणि बाप त्या साली हिंदुस्थानात होते, ते पपांना बघून रस्ता ओलांडत. पुढच्या निवडणुकीत पपा चौकात बोलायला उभे राहिले तेव्हा कुणी काही फेकलं नाही. सगळे नुसते उभे. पपा समोरच्या टोपल्यांकडे बघत होते.

"एक शलगमसुद्धा नाही, गस," घरी येताना ते म्हणाले. "संपलं."

सपाटून पडले. पुढल्या हिवाळ्यात सैन्यातूनही पूर्ण निवृत्ती घेतली. तलवार भिंतीवर गेली. सकाळी उठून ते चौकडीचा घरातला कोट घालत, आणि दुपारपर्यंत तो काढायचं त्यांना काही कारण सापडत नसे.

*

जेबेझकाका मेले नाहीत. छातीतलं पाणी ओसरलं. डॉक्टरला याचा जरा अपमान वाटला.

त्या हिवाळ्यानंतरच्या मे महिन्यात ते डोंगर ओलांडून आमच्याकडे आले. बरोबर तपकिरी कागदात गुंडाळलेलं एक पुडकं. पपा खिडकीशी बसले होते.

"हे घे," जेबेझकाका म्हणाले. "ऑगस्टा, कात्री आण."

आतमध्ये कापड होतं. लोकरीचं, दाट, हातभर. गडद पिवळं. झेंडू.

पपांनी हात लावला नाही. "हे कुठून आणलंत?"

"आणलं नाही, विणलं. माझ्या गिरणीत. तीनदा रंग बिघडला. आमच्या रंगाऱ्याला राखाडीपलीकडे काही येत नाही. मग तुझ्या त्या सार्जंटला बोलावलं, जुनी कॉलर घेऊन."

"तुम्ही सैन्याला कापड विकत नाही."

"सैन्याला कुठं देतोय? तू सैन्यात नाहीस. खासदारही नाहीस. आता तू नुसताच एक म्हातारा आहेस. साध्या माणसाला पिवळं द्यायला आमची काही हरकत नाही."

मी चौकडीच्या कोटाची कॉलर उसवली आणि त्या दुपारी पिवळी शिवली. दोघं माझ्यासमोर बसून शिवण बघत होते. टाका वाकडा गेला की दोघंही खाकरायचे. आल्याचा केक संपला, दुसरा मागवला.

पपांनी कोट घातला. आरशासमोर गेले. हनुवटी वर केली, पलटणीची पाहणी करताना करत तशी.

"आज मतं घेतली तर?" त्यांनी आरशातूनच विचारलं.

"विरुद्ध," जेबेझकाका म्हणाले.

"अजूनही?"

"अजूनही. तू म्हणतोस, रंग राहिला तर आठवण राहील. मी म्हणतो, रंग राहिला तर पोरं पुन्हा त्याच्यामागं जातील. बहुतेक आपण दोघंही बरोबर आहोत, आणि हीच पंचाईत आहे."

पपांनी कॉलरीवरून अंगठा फिरवला. एका बाजूनं, मग दुसऱ्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि आपले डोळे भरले की ते नेहमी हवामानाबद्दल बोलत.

"ऊन बरं पडलंय. नदीवर जाऊ."

"जाऊ. कोट बदल."

"कशाला?"

"अरे, एवढं पिवळं बघून मासे पळतील!"

"पळू देत," पपा म्हणाले आणि कोपऱ्यातला गळ घेऊन दाराकडे निघाले. उंबऱ्याशी थांबले. मागून सपाता घासत जेबेझकाका येत होते, एक पाऊल, मग दम. पपांनी दार उघडं धरून ठेवलं.

"ये सावकाश," ते म्हणाले. "हे दार बंद होत नाही. तू आलास की निघू."